एका हाताची म्हैस

मामंजी टेपसमोर बसून तोच रेडा तिसऱ्यांदा सांगत होते, आणि माझी पिशवी दाराआड भरून ठेवलेली होती.

"आमच्या आज्जाचा रेडा म्हंजे," मामंजी म्हणाले, "बाजारात शिरला की माणसं दोन्ही बाजूला व्हायची. मॅडम, हे लिवून घ्या."

"लिहायला कशाला पाहिजे, आबा? टेपमध्ये सगळं येतंय," मॅडम म्हणाल्या.

"येतंय न्हवं? मग परत सांगतो. नीट येऊ दे."

मी कपाळावर हात मारून घेतला. चहा दोनदा झाला होता, भाजलेल्या शेंगा झाल्या होत्या. मी घरातून गोठ्यात आणि गोठ्यातून घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. समोरच्या भिंतीवरचं ऊन हळूहळू वर सरकत चाललं होतं आणि माझा जीव त्या उन्हात अडकला होता.

त्या मॅडमचं नाव केतकी. कॉलेजात शिकवायच्या. जिल्ह्यात ज्या घरांनी तीन-तीन, चार-चार पिढ्या दुधाचाच धंदा केला, त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टेपवर गोळा करत हिंडायच्या. बोरजाईवाडीत दूध म्हटलं की शेवाळे, म्हणून आमच्याकडे आल्या. बाई चांगली होती, तिच्यावर माझा राग नव्हता. पण मेलं आजचाच दिवस मिळाला होता का तिला?

सकाळीच दुकानातल्या फोनवर माझ्या माहेरचा निरोप आला होता. माझी धाकटी बहीण वैजू पहिल्या बाळंतपणाला आली होती. रात्रीपासून कळा देत होती, बाळ आडवं होतं. तिला इस्लामपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. "डॉक्टर म्हणतात काही सांगता येत न्हाई," वडील फोनवर म्हणाले, "आन् ही पोरगी सारखी इचारतीया, ताई आली का, ताई आली का. तू ये बाई. मी बापय माणूस, मी दाराबाहेर उभा राहून काय करू?" आई आमची दोन वर्षांपूर्वीच गेली होती. वैजूला माझ्याशिवाय बाईमाणूस कोण होतं?

सकाळची गाडी तोवर निघून गेली होती. आमच्या गावाला दुसरी एसटी संध्याकाळी, दिवस मावळायच्या आधी. ती चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. आमचे हे दुधाच्या टेम्पोवर पुण्याला गेलेले, ते उद्या येणार.

मग एसटीत बसायचं आणि जायचं, त्यात काय एवढं? तर अडचण होती सरदारणीची.

सरदारीण म्हणजे आमची म्हैस. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण बाईचा तोरा अगदी तसाच. गोठ्यात आणखी तीन म्हशी होत्या, त्या गरीब, कुणीही खाली बसावं. पण घर चालायचं ते सरदारणीवर, आणि ती होती एका हाताची. धार काढणारं माणूस बदललं की पान्हा चोरायची. कास तट्ट भरलेली, आणि सडातून थेंब नाही. एक-दोन वेळा धार राहिली की कास दगडासारखी होते, जनावर तापतं, आणि मग ते दुधातून कायमचं जातं. आमच्याच एका म्हशीचं तसं झालेलं मी बघितलं होतं.

हा हात आधी आत्याबाईंचा होता, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. सरदारणीला त्यांनीच रेडकू असल्यापासून वाढवलेली. मी लग्न होऊन आले, दुसऱ्या वर्षी आत्याबाईंच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मूठ वळत नाही म्हणाल्या. महिनाभर त्या माझ्याजवळ बसायच्या, माझ्या हातावर हात ठेवून म्हशीला माझा हात लावून दिला, आणि जे उठल्या ते परत काही तिच्याखाली बसल्या नाहीत. भाकरी मात्र झकास थापायच्या. मी एकदा खोचकपणे म्हणाले सुद्धा, तर म्हणाल्या, "भाकरीला तळवा लागतो, धारेला मूठ लागती." झालं.

तेव्हापासून मी खुंट्याला. सणाला माहेरी गेले तर सकाळची धार काढून जायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत. माझ्या चुलतभावाच्या लग्नात मी अक्षता टाकल्या आणि जेवायच्या आधी एसटीला पळाले. गोठ्यात खुंटीवर माझं एक जुनं पातळ असायचं, धार काढताना तेच नेसायचं, म्हशीला वास ओळखीचा लागतो म्हणून. आमच्या ह्यांना एकदा तेच पातळ नेसवून बसवलं होतं. एवढा मिशावाला माणूस, डोक्यावरून पदर! सरदारणीनं एकदा मागं वळून बघितलं आणि अशी लाथ घातली की चरवी उकिरड्यावर जाऊन पडली. गावातली पोरं कितीतरी दिवस त्यांना वहिनी म्हणत होती. हसता हसता माझ्या पोटात दुखायला लागलं होतं तेव्हा. नंतर रडायला आलं, ते वेगळं.

तर त्या दिवशी मी ठरवलं, वेळेआधीच धार काढायची आणि संध्याकाळची गाडी गाठायची. सकाळचं उद्या सकाळी बघू. पातळ नेसले, पेंड पुढं ठेवली, रेडकू सोडलं, खाली बसले.

"दे बाई," मी म्हणाले, "आज तेवढं लवकर दे. तुझ्या पाया पडते."

कशाचं काय. रेडकानं ढुशा मारल्या, मी कास धुतली, चोळली, सड ओढले. सरदारीण पेंड खाऊन मोकळी झाली आणि शेपटी माझ्या तोंडावर मारून उभी राहिली. मी गोंजारलं, शिव्या घातल्या, परत गोंजारलं. चरवीत चार थेंब पडले. मी घाईघाईनं आणखी ओढत राहिले. तिकडं दवाखान्यात वैजूचं काय झालं असेल, हेच डोळ्यांपुढं. शेवटी चरवी आपटून मी उठले आणि तशीच घरात गेले.

मामंजी आता दूध संघाच्या पहिल्या सभेवर आले होते. मी परक्या माणसासमोर सासऱ्यांपुढं कधी बोलायची नाही. पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"मामंजी, मी जाते. वैजूचं काही बरं दिसत न्हाई."

मामंजी माझ्याकडं बघून हसले. ते काही वाईट माणूस नव्हते, आवाजसुद्धा चढवायचे नाहीत. "जा की! मी कवा नको म्हणलोय? बहीण हाय तुजी, जायलाच पायजे. फकस्त सरदारणीचं काय करायचं तेवढं सांगून जा."

हे असं. नको म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "अहो, मग मी उगीच तुम्हाला चहा करायला लावत बसले! आबा, मी पुन्हा येईन, आज राहू द्या."

"बसा वं तुमी," मामंजी म्हणाले. "बायकांचं चालायचंच. ह्या घरातल्या बायकांनी कवा गोठा सोडला न्हाई, म्हणून तर चार पिढ्या टिकलो. हे घ्या तुमच्या टेपमंदी."

मॅडमनी टेप बंद केला नाही, पण तोंड वळवलं. कोपऱ्यात आत्याबाई सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. सकाळपासून त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

"आजी, तुम्ही पण सांगा ना. तुम्ही किती वर्षं धार काढली?"

"काढली की," आत्याबाई म्हणाल्या.

"तिला काय सांगता येणार?" मामंजी म्हणाले. "तिला इचारायचं तर मला इचारा."

"मला आजींकडूनच ऐकायचंय," मॅडम म्हणाल्या. "एखादी आठवण. कुठलीही."

आत्याबाई तांदळातला खडा शोधत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता ह्या काही बोलत नाहीत आणि मामंजी परत रेडा सोडतात. मी दाराआडची पिशवी उचलली, परत खाली ठेवली. जायचंच असं मनात म्हणत होते आणि पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता. ती मुकी म्हैस रात्रभर भरल्या कासेनं हंबरत उभी राहील, हेही मला सोसवत नव्हतं.

"माजं म्हायेर नदीपल्याड," आत्याबाई अचानक म्हणाल्या. "गोठ्याच्या दारातनं दिसतंया. तवा हिची आज्जी हुती आमच्यात, सरदारणीची. तीबी अशीच, माज्या हाताची. सांजच्याला सांगावा आला, बा गेला म्हणून. मी धारंला बसले हुते."

"मी जा म्हणलो हुतो," मामंजी म्हणाले.

"म्हणला हुता. जा म्हणला आन् चरवी हातात दिली."

मामंजी टेपकडं बघायला लागले.

"धार काढूनच जाते म्हणलं," आत्याबाई सांगत होत्या, आवाज एकदम सपाट, बाजारहाट सांगावा तसा. "नावाडी निघून गेला. दुसऱ्या दिशी सकाळीबी धार हुती. ती काढताना दारातनं धूर दिसला, पल्याडच्या काठावर. मला ठावं हुतं कसला धूर त्यो. म्हस पान्ह्यावर आल्याली, हात थांबवता येत न्हवता. बाचा धूर बगत बगत दोन चरव्या काढल्या. त्या दिवसाचं दूध कुणी प्यालं कुणास ठावं."

टेप तेवढा घुर्रघुर्र करत होता.

आणि माझा तोल गेला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"माझी आई पण अशीच गेली की!" मी ओरडलेच. "मॅडम, माझं पण घ्या टेपात! दोन वर्षांपूर्वी सांगावा आला, आईचं जास्त झालंय. मी संध्याकाळची धार काढली, सकाळची धार काढली आणि गेले. पोचले तर आईला उचलून नेलेलं. नुसतं अंथरूण बघितलं मी! वैजू दारात बसली होती. मला म्हणाली, ताई, आई तुझं नाव घेत होती, तू का नाही आलीस? काय सांगू मी तिला? म्हैस होती म्हणून? आज ती दवाखान्यात मरणाच्या दारात पडलीय आणि मी परत हिथंच, म्हैस म्हैस करत! जळो ती म्हैस आणि जळो ह्या चार पिढ्या!"

असं मी बोलले. सासऱ्यांसमोर, पाहुण्या बाईसमोर.

मामंजी उठले. मला वाटलं आता काय होतंय. पण त्यांच्या आधी आत्याबाई उठल्या. सूप खाली ठेवलं, गुडघ्यांवर हात रोवून उभ्या राहिल्या आणि गोठ्याकडं चालायला लागल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागं गेलो. मॅडम सुद्धा आल्या, खांद्याला टेप तसाच चालू.

"ते पातळ दे," आत्याबाई मला म्हणाल्या.

मी अजून तेच नेसले होते. भिंतीआड जाऊन ते सोडलं, माझं चांगलं लुगडं नेसले, आणि ते पातळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते आपल्या लुगड्यावरूनच गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला.

"हौसा, उगी म्हशीला बिथरवू नगंस," मामंजी म्हणाले. "तुजी मूठ वळत न्हाई. मगा सुनंलाबी तिनं दूध दिलं न्हाई."

"सुनंच्या हातात घाई हाय. जनावराला कळती घाई."

त्या खाली बसल्या. लगेच सडाला हात लावला नाही. सरदारणीच्या मांडीला डोकं टेकून नुसत्या बसल्या, आणि तोंडानं काहीतरी हलकं हलकं बोलायला लागल्या. शब्द मला ऐकू येत नव्हते. सरदारणीनं मान वळवली. कान पुढं केले. लाथ आता बसते की मग, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

चरवीत धार वाजली. मग दुसरी. मग दोन्ही हातांच्या धारा एकामागून एक, जोरदार, भरदार, फेस वर यायला लागला. तशी धार मला कधी जमली नव्हती, खरं सांगते. मुंग्या नाहीत की काही नाही. दोन्ही मुठी अशा वळत होत्या की जशा कधी थांबल्याच नव्हत्या.

"मूठ वळतीया की तुजी!" मामंजी म्हणाले.

"वळतीया."

"मग येवढी वरसं?"

"येवढी वरसंबी वळत हुती."

मला आधी काही समजलंच नाही. मी आनंदानं पिशवी आणायला पळाले सुद्धा. धार निघाली, मी सुटले, एवढंच डोक्यात. पिशवी घेऊन परत गोठ्याच्या दारात आले, त्यांच्या पाया पडायला वाकणार, तर आत्याबाई कासेकडं बघतच म्हणाल्या,

"मालन, तुजी आय गेली तवाबी वळत हुती."

मी वाकलेली ती तशीच सरळ झाले.

"मग का नाही बसला?" मी म्हणाले. "आत्याबाई, एक दिवस! एक दिवस बसला असता तर मला माझी आई दिसली असती!"

"एक दिस बसले असते, तर हात बरा हाय हे समद्यांस्नी कळलं असतं. मग ह्यांनी परत उठू दिलं नसतं." त्यांचे हात चालूच होते. "तू आलीस, आन् मला वाटलं आता सुटले. तुला बांधून मी सुटले. बाचा धूर बगितल्यापासनं माजी ह्या कासंकडं बगायची इच्छा न्हवती. तुजी आय गेली त्या राती मी लई डाव उठले, गोठ्यापतूर आले, आन् माघारी फिरले. परत बांदून घ्यायचं भ्या वाटलं. असं झालं बग."

"बंद करा वं ते," मामंजी मॅडमना म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या चालू," आत्याबाई म्हणाल्या.

मला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते आणि त्यांच्या हातातली चरवी लाथ मारून उडवावी असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. त्याच वेळी देवळाच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

"जा," आत्याबाई म्हणाल्या. "काय बोलायचं ते आल्यावर बोल. सगळं बोल. पर आता जा, ती पोरगी वाट बगतीया."

मी गेले. पाया पडले नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या घरातून पाया न पडता बाहेर पडले.

वैजूनं मला बघितलं आणि माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या फुटल्या. पहाटे तिचं पोट कापून बाळ काढलं. मुलगी. दोघीही वाचल्या. तिचं बारसं उरकेपर्यंत मी तिथंच राहिले, आणि रोज धारेच्या वेळेला माझे हात आपोआप वळवळायचे. वैजू बाळाला पाजत असली की मी बाहेर जाऊन उभी राहायची आणि मनातल्या मनात आत्याबाईंशी भांडायची. काय काय बोलायचं ते पाठच झालं होतं. असं घालूनपाडून बोलायचं की त्यांना जन्मभर विसरता येऊ नये.

परत आले ती संध्याकाळी. घरात कुणी नव्हतं. पिशवी ओट्यावर टाकली आणि सरळ गोठ्यात गेले. आत्याबाई सरदारणीखाली बसल्या होत्या, माझं पातळ गुंडाळून. त्या इतक्यात वाळून गेल्या होत्या. मला बघितलं, पण हात थांबवला नाही.

"आलीस? बोल आता," त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं.

"वैजूला मुलगी झाली," मी म्हणाले.

"सांगावा आला हुता. बाळंतीण बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"कुणावर गेलीया पोरगी?"

खोटं बोलता आलं असतं, बापावर गेलीय म्हणून.

"आज्जीवर," मी म्हणाले. "माझ्या आईवर. तोंडच घेऊन आलीय तिचं."

आत्याबाईंचे हात थांबले. चरवीतली धार बंद झाली. मग त्या रडायला लागल्या. म्हशीच्या मांडीला डोकं टेकून, आवाज न करता, नुसती पाठ हलत होती. मी त्यांना गप्प बसा म्हणाले नाही. माझ्याच्यानं तेवढं झालं नाही. त्यांना रडू दिलं.

सरदारीण पान्ह्यावर आलेली, ती खोळंबली आणि पाय आपटायला लागली. मग मी पदर खोचला, त्यांच्या शेजारी खाली बसले आणि उरलेली धार काढायला घेतली. त्या उठल्या नाहीत. धार संपेपर्यंत तिथंच, माझ्या खांद्याला खांदा लागून बसून राहिल्या.